शुद्धीपेटीचा दिव्य गंध

पट्टीवरच्या पांढऱ्या रेघा काळ्या झालेल्या दिसल्या, तेव्हा ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या हॉलमध्ये जमलेल्या तमाम मराठी मंडळींनी एकाच वेळी खोल श्वास आत घेतला. तो घ्यायला नको होता. पण हे त्यांना कळायला पुढचा रविवार उजाडावा लागला.

"पाहा!" स्वामी शुद्धेश्वरानंदांनी पुडकं उंच धरलं. "नो हीट, नो स्टीम, नो इलेक्ट्रिसिटी. ओन्ली निष्ठा!"

पुडकं दाताच्या डॉक्टरांच्या अवजारांचं होतं. अशा पुडक्यावर डॉक्टर लोक एक पट्टी चिकटवतात. ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्रात, वाफेच्या दाबाखाली पुडकं भाजून निघालं की पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. स्वामींनी ते पुडकं नुसतं एका तांब्याच्या पेटीत ठेवलं, झाकण लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि रेघा काळ्या कुळकुळीत.

आता ही मंडळी काही सहजासहजी फसणारी नव्हती. प्रत्येकाकडे निदान दोन डिग्र्या होत्या, आणि अर्ध्याअधिक लोकांचं पोट ह्यूस्टनच्या रिफायनऱ्यांवर चालत होतं. रिफायनरीतला इंजिनिअर परीक्षित तर धावत जाऊन गाडीतून तापमान मोजायचं पिस्तूल घेऊन आला. त्यानं ते पेटीवर रोखलं, लाल ठिपका तांब्यावर नाचला, आणि तो ओरडला, "रूम टेम्परेचर! पेटी थंड आहे यार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. विज्ञानानं शिक्का मारला होता.

"आपल्या ऋषींनी जंतूंना कधी मारलं नाही," स्वामी प्रसन्न आवाजात म्हणाले. "त्यांनी जंतूंना समजावलं. जंतू म्हणजे काय? निगेटिव्हिटीचं मायक्रो-रूप. क्वांटम लेव्हलला त्याचं मतपरिवर्तन होतं."

चौथ्या रांगेत डॉक्टर अहिल्या आपल्या सासऱ्यांच्या शेजारी बसली होती. तिचा दाताचा दवाखाना हॉलपासून पाच मिनिटांच्या ड्राइव्हवर होता. दंतवैद्यकाच्या कॉलेजात जंतूंचं मतपरिवर्तन शिकवायचं राहून गेलं, याचा ती विचार करत असताना तिच्या मुलीनं, आरोहीनं, नाक दाबलं.

"ममा, डिड समवन फार्ट?"

"शूऽऽ!" मंडळाच्या अध्यक्ष रेखाकाकू पुढच्या रांगेतून वळल्या. "दिव्य गंध आहे तो, बेटा. पेटी उघडली की येतो. माझ्या घरी स्वामीजी उतरलेत ना, तिथं तर दिवसभर दरवळतो."

"आणि तुमच्या निरांजनांचं ऐकलं ते खरं?" कुणीतरी विचारलं.

"काळी ठिक्कर! चांदीची, सासूबाईंची. स्वामीजी म्हणाले, जंतूंचं पाप चांदी शोषून घेते."

अहिल्यानं शेजारी पाहिलं. सासऱ्यांच्या, मोरेश्वररावांच्या, डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटलं, गंधानं असेल. पण नाही, ते भक्तीचं होतं.

यामागची हकीगत अशी. शुगर लँडला उन्हाळा आला की व्हिजिटर व्हिसावर आई-बाबा येतात. प्रत्येकाच्या बॅगेत लोणचं असतं आणि तोंडात एक हलणारा दात. प्रवासी विम्यात सगळं बसतं, दात बसत नाहीत. म्हणून अहिल्यानंच मंडळाला सुचवलं होतं, की एका रविवारी आई-बाबांचे दात फुकट तपासून देते. फक्त तपासणी. प्रत्येकासाठी दवाखान्यातून निर्जंतुक केलेलं वेगळं पुडकं आणायचं, आणि दात काढायचा असेल तर तो दवाखान्यातच. रेखाकाकूंना हा कार्यक्रम फार कोरडा वाटला. तेवढ्यात पूर्व किनाऱ्यावरच्या आयसेलिनची मिठाईची दुकानं शुद्ध करून स्वामीजी टेक्ससमध्ये अवतरले, आणि कार्यक्रमाला रंग भरला. आता हॉलमध्येच दात काढायचे ठरले. अवजारांचे मोजकेच संच, दोन पेशंटांच्या मध्ये संच पेटीत, पुटपुटणं, पुढचा पेशंट. अहिल्यानं नकार दिला, तेव्हा टेक्ससमधल्याच फ्रिस्कोहून डॉक्टर श्रीरंग यायला तयार झाले. पेटीची दीक्षा मिळाली की ऑटोक्लेव्ह विकून टाकणार होते म्हणे.

"आणि पहिले लाभार्थी," रेखाकाकूंनी माइकवर जाहीर केलं, "आपले मोरेश्वरकाका, नागपूर!"

मोरेश्वरराव उठून हात जोडून उभे राहिले. अहिल्यानं त्यांची बाही मागून ओढली. कारण त्यांच्या खालच्या दाढेला मुळाशी पू झाला होता, आणि त्यांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी बसवलेली एक कृत्रिम झडप होती. दुसऱ्याच्या तोंडातला जंतू अवजाराबरोबर रक्तात उतरला, तर राहायला त्याला याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

*

"बाबा, मी तुम्हाला तिथं बसू देणार नाही," घरी जाताना ती गाडीत म्हणाली.

"काहून?"

"तुमच्या झडपेला इन्फेक्शन झालं तर काय होतं, माहितीये ना? आपल्या दवाखान्यात या. आधी अँटिबायोटिक देते, तुमच्या हार्टच्या डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय, मग काढू."

"म्हणजे तुझ्या त्या कुकरमधल्या अवजारांनी." ऑटोक्लेव्हला घरात सगळे कुकरच म्हणत. "पट्टी काळी झाली की अवजार शुद्ध, हे मला कोणी शिकवलं? तूच ना? मी पहिल्यांदा दवाखाना पाहायला आलो, तेव्हा मोठ्या ऐटीत दाखवलंस. बाबा, हे पाहा, काळं झालं! आता स्वामीजींचं काळं झालं तर ते खोटं?"

शिकवलं होतं तिनंच. नातेवाइकांना दवाखाना दाखवताना माणूस सोपं तेवढंच सांगतो.

"पट्टी एवढंच सांगते, की पुडकं यंत्रात जाऊन आलं," ती म्हणाली. "जंतू मेले का, ते ती सांगत नाही. त्यासाठी वेगळी टेस्ट असते. दर आठवड्याला करते मी."

"हो, आणि एप्रिलमध्ये तीच टेस्ट फेल झाली होती." मोरेश्वररावांनी हुकमाचं पान टाकलं. "तुझ्या कुकरचं रबर गेलं होतं. दवाखाना बंद केलास, पेशंटांना एकेक करून फोन लावत बसली होतीस. मी होतो ना घरी! बाप्पा, स्वामीजींची पेटी फेल झालेली कोणी ऐकली आहे का?"

गाडी चालवणारा तिचा नवरा यतीन हसला. अहिल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं लगेच ब्लिंकर दिला. वळायचं नसताना.

"तू तरी बोल ना, यतीन. तू इंजिनिअर आहेस."

"अगं, पेटी खरंच थंड होती," यतीन म्हणाला. रिफायनरीत तो प्रोसेस सेफ्टी, म्हणजे गळती-स्फोट होऊ नयेत हे, बघायचा. "हीट नाही, तर रेघा काळ्या कशा झाल्या, ते मलाही सांगता येत नाहीये."

मागच्या सीटवरून आरोही म्हणाली, "इट स्टिल स्मेल्स ऑन माय ड्रेस." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मोठी माणसं गंभीर बोलत होती.

*

बुधवारी अहिल्या रेखाकाकूंच्या घरी दर्शनाला गेली. बरोबर मोरेश्वरराव होते. सून काही लबाडी करते का, यावर लक्ष ठेवायला. काहीही न लपवता तिनं पर्समधून बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची कुपी काढली. आत जांभळं पाणी होतं.

"स्वामीजी, यात जंतूंची बीजं आहेत. माणसाला काही करत नाहीत, पण मरायला फार चिवट. ही कुपी पुडक्यात ठेवून पेटीत शुद्ध करून द्याल?"

"जंतू चिवट असो, की सून," स्वामी मोरेश्वररावांकडे पाहून गोड हसले, "पेटी सर्वांना सामावून घेते."

मोरेश्वरराव खूश होऊन मान डोलवू लागले. पुडकं पेटीत गेलं. पुटपुटणं झालं, गंध दरवळला, रेघा काळ्या झाल्या. तिथून दोघं थेट दवाखान्यात आले. अहिल्यानं टेबलावर तीन कुप्या मांडल्या. एक पेटीतून आलेली, एक तिच्या कुकरमधून काढलेली, आणि एक कुठंच न ठेवलेली, कोरी.

"आता या तिन्ही या उबेच्या डबीत ठेवायच्या. आत जंतू जिवंत असतील तर ते वाढतात आणि पाणी पिवळं होतं. मेले असतील तर जांभळंच राहतं."

"आणि ही कोरी कशाला?"

"ती पिवळी व्हायलाच हवी. नाही झाली, तर माझी टेस्टच खोटी."

मोरेश्वररावांना हे आवडलं नाही. आपली टेस्ट खोटी ठरू शकते असं आधीच सांगणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे त्यांना सुचेना. त्यांनी उबेच्या डबीभोवती पूजेतला लाल दोरा गुंडाळला, सात गाठी मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं त्या सोडल्या.

कुकरची कुपी जांभळी होती. कोरी पिवळी होती. पेटीतली तितकीच पिवळी. दोन पिवळ्यांची अदलाबदल केली असती तर कुणाला ओळखू आली नसती.

मोरेश्वररावांनी चष्मा पुसून तिन्ही कुप्या पुन्हा पाहिल्या.

"तुझी भावना शुद्ध नसेल," ते शेवटी म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. "असं कर. रविवारी सगळ्यांसमोर स्वामीजींना विचार. त्यांनी उत्तर दिलं, तर मी खुर्चीत बसणार. नाही दिलं, तर नाही. नागपूरच्या माणसानं चार लोकांत शब्द दिला आहे, तो असा घरात बसून मोडत नसतो."

*

रविवारी हॉल भरून वाहत होता. आई-बाबा ओळीनं बसले होते, प्रत्येकानं गालावर हात ठेवलेला. स्टेजवर घडीची खुर्ची, पेटी, आणि रबरी हातमोजे घातलेले डॉक्टर श्रीरंग. मोज्यांची एकच जोडी होती. तीही पेटीतच शुद्ध करून पुन्हा घालायची होती.

अहिल्या स्टेजवर गेली आणि तिनं तिन्ही कुप्या दाखवल्या. कोणती कुठली, पिवळं म्हणजे काय, जांभळं म्हणजे काय, सगळं सांगितलं.

"पेटीतली पिवळी झाली, स्वामीजी. जंतू जिवंत आहेत."

हॉलमध्ये कुजबूज झाली. स्वामींनी कुपी हातात घेतली, कपाळाला लावली.

"पिवळा रंग कशाचा?" त्यांनी गर्दीला विचारलं.

"हळदीचा!" रेखाकाकू म्हणाल्या.

"हळदीचा! शुभ! जांभळा रंग कशाचा? सुजेचा, माराचा. डॉक्टरीणबाईंच्या यंत्रानं जंतूंची हिंसा केली. पेटीतले जंतू जिवंत आहेत, मान्य. पण ते आता सज्जन झालेत! सात्त्विक!"

टाळ्या पडल्या. परीक्षित तर शिट्टी वाजवायच्या बेतात होता.

"आणि ही कोरी कुपी?" अहिल्यानं विचारलं. "हिला तर पेटी लागलीच नाही. तीही पिवळीच आहे."

"सत्संग!" स्वामी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "शेजारी ठेवलीत ना? शेजाऱ्याचे गुण लागतात."

पुन्हा टाळ्या. अहिल्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. मोरेश्वररावांच्या कपाळावर आठी होती. उत्तर मिळालं होतं आणि ते पसंत पडलं नव्हतं. पण शब्द तो शब्द. ते हळूहळू पायऱ्या चढू लागले.

"बाबा, नका," ती त्यांच्या वाटेत येऊन हळूच म्हणाली.

"उत्तर तर दिलं त्यांनी," ते तिची नजर चुकवत म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

यतीन त्याच वेळी मागच्या दारानं आत आला. रिफायनरीत दुरुस्तीच्या शटडाउनचं काम चालू होतं, रविवारीही ड्युटी होती. तो तसाच निळा डगला घालून धावत आला होता. वडील खुर्चीत बसलेले पाहून तो सरळ स्टेजवर चढला.

"थांबा, डॉक्टर. आधी ती अवजारं मला बघू द्या."

"अवश्य!" स्वामी म्हणाले. आज कामं जास्त म्हणून पेटीची तयारीही सकाळी सढळ हातानं झाली होती. "या. स्वतः झाकण उघडा. निष्ठेला लपवण्यासारखं काही नसतं."

यतीननं वाकून झाकण उघडलं.

*बीप. बीप. बीप.*

त्याच्या कॉलरला अडकवलेली काडेपेटीएवढी डबी किंचाळत होती, तिच्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. आणि मग हॉलमधले सगळे इंजिनिअर, जे गेला तासभर मांडी घालून सात्त्विक झाले होते, एका झटक्यात उभे राहिले.

"एचटूएस!" परीक्षित ओरडला. "एव्हरीबडी आउट!"

ह्यूस्टनच्या तेलधंद्यात हे नाव घेतलं की झोपलेला माणूस उठतो. हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. विहिरीवर, टाकीत, पाइपात तो असतो आणि माणसं मारतो, म्हणून प्रत्येकाच्या छातीवर ती डबी असते आणि दरवर्षी प्रत्येकाकडून पाठ करून घेतलेलं असतं: श्वास रोखा, वाऱ्याची दिशा बघा, वाऱ्याच्या उगमाकडे निघा, मागे वळू नका. मंत्रानं बसलेली माणसं बीपनं उठली. कुणी आईला उचललं, कुणी सासूला. परीक्षितनं दारात रुमाल हवेत धरून वारा कुठून येतो ते पाहिलं आणि सगळ्या आई-बाबांना पार्किंग लॉटच्या दक्षिण टोकाला पिटाळलं. यतीननं वडिलांना खुर्चीतून जवळजवळ उपटलं. डॉक्टर श्रीरंग मोजे घालूनच पळाले.

स्वामी मात्र पेटीशेजारी हात उभारून उभे होते. "घाबरू नका! हा दिव्य गंध आहे!"

"स्वामीजी," परीक्षित दारातून ओरडला, "तुम्हाला आता तो वास येतोय का?"

"साधकाला गंध जाणवेनासा होतो!"

"तेच तर डेंजर! वास यायचा बंद होतो, मग माणूस पडतो!"

स्वामींनी यतीनच्या कॉलरवरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. मग छाटी वर धरली, आणि यतीन नि मोरेश्वररावांना मागे टाकून बाजूच्या दारातून बाहेर पडले. धावताना त्यांनीही श्वास रोखलेला होता.

*

दारं-खिडक्या सताड उघडल्यावर थोड्या वेळानं डबी गप्प झाली. वायू कुणाचा जीव घेण्याइतका नव्हता, पण बीप वाजवण्याइतका होता. यतीननं पेटी पार्किंग लॉटमध्ये, उघड्या वाऱ्यात आणली. ऑगस्टच्या उन्हात सगळी मंडळी तिच्याभोवती गोल करून उभी राहिली, वाऱ्याची बाजू सांभाळून.

तांब्याच्या तळाला बारीक भोकं होती. तळ उचलला तर खाली एक वाटी, वाटीत पिवळट पाणी. शेजारी दोन बाटल्या. एक व्हिनेगरची. दुसरी मोरेश्वररावांनी उचलली, चष्मा वर केला, लांब धरली, जवळ धरली. बाटलीवर कुत्र्याचं चित्र होतं.

"हे काय आहे, बाप्पा?"

"गंधक आणि चुना," अहिल्यानं वाचलं आणि तिला हसू आवरेना. "कुत्र्यांना खरूज झाली की यानं आंघोळ घालतात."

"त्यात व्हिनेगर पडलं की एचटूएस सुटतो," यतीन म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "आणि तुझ्या पट्टीच्या शाईत काय असतं?"

"शिशाचा क्षार. वाफेत तापला की काळा होतो."

"गंधकाच्या या वायूनंही होतो. थंडगार असताना." यतीननं सांगितलं.

"माझी निरांजनं..." म्हणता म्हणता रेखाकाकू थांबल्या.

"चांदीही त्यानंच काळी पडते, काकू," यतीन म्हणाला. "पाप वगैरे काही नाही. रोज छातीवर हे यंत्र लावून हिंडतो आम्ही. हा वास आला की पळा, असं मी लोकांना शिकवतो. आणि इथं मांडी घालून तो आत ओढत होतो."

"आय सेड इट स्मेल्ड," आरोही म्हणाली. या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

स्वामींचा शोध घेतला तेव्हा ते रेखाकाकूंच्या घरून बॅग घेऊन निघून गेल्याचं कळलं. पेटी मात्र विसरले होते.

*

मंगळवारी मोरेश्वरराव दवाखान्याच्या खुर्चीत बसले. अँटिबायोटिक घेतलेलं होतं, हार्टच्या डॉक्टरांचा होकार होता. अहिल्यानं नवे मोजे काढले, त्यांच्यासमोर पुडकं फोडलं. त्यांनी काळ्या रेघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"कुपी दाखव," ते म्हणाले.

तिनं दाखवली. या आठवड्याची, जांभळी. शेजारी कोरी, पिवळी.

"अहिल्या, तू त्या स्वामीला जे विचारलंस ना, ते मी घरी बसून पुन्हा पुन्हा आठवलं. पिवळी झाली तर हळद, जांभळी झाली असती तर आणखी काही. कोरी पिवळी झाली तर सत्संग. काहीही झालं तरी पेटी पासच. तेव्हाच उठायला पाहिजे होतं मला. डबी वाजायची वाट कशाला पाहिली?"

ज्यांनी अशी पेटी पाहिली असेल, किंवा अंगारा, ताईत, चुंबकाचं कडं, काहीही, त्यांनी एवढं एकच विचारून बघावं: हे खोटं असेल तर ते मला कशावरून कळेल? प्रश्न साधा आहे, त्याला डिग्री लागत नाही. ज्याच्याकडे त्याचं उत्तर नसेल, त्याच्यासमोर हात जोडायची घाई करू नये. आणि नाकाला वास आला, तर लहान मुलाचं ऐकावं.

"एप्रिलमध्ये तुझी टेस्ट फेल झाली म्हणून मी तुला टोमणा मारला," मोरेश्वरराव म्हणाले. "दवाखाना बंद करून लोकांना फोन करत होतीस, आमच्या यंत्रात बिघाड निघाला म्हणून. तेव्हा मला वाटलं, काय ही डॉक्टर!"

"आणि आता?"

"आता," मोरेश्वरराव म्हणाले, "जो चुकल्यावर आपणहून फोन करतो, त्याच्यासमोर तोंड उघडायला हरकत नाही."

आणि त्यांनी उघडलं.